मनोरुग्णालयातून घरी आल्यावर प्रत्येकाची वाट वेगळी, कार्ड मात्र एकच

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मनोरुग्णालयातून रुग्णांना घरी पाठवल्याच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात अधूनमधून येतात. त्यांतले एक वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘उपचारांनंतर पूर्ण बरे होऊन हे रुग्ण आपल्या घरी परतले.’ अशी बातमी छापण्यामागचा हेतू चांगला आहे, हे मी जाणते. मनोरुग्णालयात गेलेला माणूस परत येतच नाही, अशी समजूत अजूनही घट्ट असलेल्या समाजात तो परत येतो हे सांगणे आवश्यकच आहे. तरीही गेली एकोणीस वर्षे धाकट्या भावाची शुभंकर म्हणून, आणि त्यांतली बारा वर्षे आमच्या शहरातल्या कुटुंबीयांच्या स्वमदत गटात बसून मी जे पाहिले आहे, त्यावरून या एका वाक्याने आमच्यासारख्या घरांचे किती नुकसान होते ते सविस्तर लिहावेसे वाटले. (रुग्णाला शुभार्थी आणि त्याची काळजी वाहणाऱ्याला शुभंकर म्हणण्याची पद्धत आपल्याकडच्या आधारगटांत आता रुळली आहे. ‘पेशंट’ आणि ‘केअरटेकर’पेक्षा हे शब्द मला जवळचे वाटतात, म्हणून तेच वापरते.)

माझ्या भावाला स्किझोफ्रेनियामुळे (नसलेले आवाज ऐकू येणे, संशय बळावणे अशी लक्षणे असलेल्या मानसिक आजारामुळे) पहिल्यांदा दाखल केले तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. एक्केचाळीस दिवसांनी आम्ही त्याला घरी आणले. त्या दिवशी संध्याकाळी तो खांद्यावर टॉवेल टाकून न्हाणीघराच्या दाराशी उभा होता. बराच वेळ तो तसाच उभा आहे हे पाहिल्यावर माझ्या लक्षात आले, की कोणीतरी ‘जा’ म्हणण्याची तो वाट पाहतो आहे. पाण्याच्या माठाजवळही तो असाच थांबायचा. जेवण मात्र चार-पाच मिनिटांत उरकायचा, कारण वॉर्डात पंगत लवकर उठवतात. जाताना जो मुलगा रात्र-रात्र ओरडत होता, तो परत आला तेव्हा शांत होता, झोपत होता, विचारले तर उत्तर देत होता. आम्हाला वाटले, बरा झाला. डिस्चार्ज कार्डावर निदान, तीन गोळ्यांची नावे आणि ‘प्रकृती स्थिर, एक महिन्याने दाखवणे’ एवढाच मजकूर होता.

दुसऱ्या आठवड्यात त्याचे पाय स्वस्थ राहीनात. बसला की उठायचा आणि उठला की अंगणात फेऱ्या मारायचा. आम्ही समजलो, आजार उलटला. प्रत्यक्षात तो एका गोळीचा परिणाम होता आणि मात्रा बदलून किंवा सोबत दुसरी साधी गोळी देऊन तो कमी करता आला असता, हे आम्हाला कोणी सांगितलेले नव्हते. ठरलेल्या तारखेला दाखवायला गेलो तेव्हा ओपीडीत इतकी गर्दी होती, की आमच्या वाट्याला दोन मिनिटे आली आणि तेच औषध पुढे चालू राहिले. पुढे काही दिवसांनी तुळशीच्या कुंडीतली माती उकरताना आईला त्याच्या गोळ्या सापडल्या. चौथ्या महिन्यात त्याला पुन्हा दाखल करावे लागले. यात मी कोणा एका डॉक्टरला दोष देत नाही. दिवसाला शंभर-सव्वाशे रुग्ण तपासणाऱ्या माणसाने दोन मिनिटांत काय काय पाहावे? पण घरी सोडण्याच्या दिवशी कोणी अर्धा तास आमच्याजवळ बसले असते, तर दुसऱ्यांदा दाखल करण्याची वेळ कदाचित आली नसती, असे मला आजही वाटते. दुसऱ्या खेपेला एका सिस्टरने तसे बसवून सगळे समजावले, आणि पाय पुन्हा वळवळू लागले तेव्हा आम्ही महिना संपण्याची वाट न पाहता तिसऱ्या दिवशी रुग्णालय गाठले.

त्यानंतरची त्याची वाट फार हळू चालली. पहिल्यांदा झोप आणि राग ताळ्यावर आले, ते काही दिवसांत. संशय ओसरायला काही महिने लागले. डोक्यात ऐकू येणारे आवाज आजही पूर्ण गेलेले नाहीत. सकाळी उठून आपणहून तोंड धुणे, दाढी करणे, कोणाच्या घरी जाऊन बसणे, एखादे काम हातात घेऊन ते संपवणे, या गोष्टी परत यायला सात वर्षे लागली. आता तो एका नातलगांच्या पिठाच्या गिरणीत रोज चार तास काम करतो. डबे ओळीने लावतो, वजन करतो, उधारीची वही लिहितो, आणि त्या वहीत आजवर चूक निघालेली नाही. गिरणी चालू असली की डोक्यातले आवाज कमी ऐकू येतात, असे तो सांगतो. अमावास्येला गिरणी बंद असते, त्या दिवशी त्याला जड जाते, म्हणून त्या दिवशी मी सुट्टी काढून घरी राहते.

आमच्या गटातल्या दुसऱ्या एका शुभार्थींची गोष्ट याच्या नेमकी उलटी आहे. त्यांचे आवाज तीन आठवड्यांत पूर्ण थांबले. रुग्णालयाच्या हिशेबात याहून चांगला परिणाम नसेल. मात्र गेली आठ वर्षे ते भिंतीकडे तोंड करून पडून असतात. बोलवले तर जेवायला येतात, पण स्वतःहून एक शब्द बोलत नाहीत. डॉक्टर याला नकारात्मक लक्षणे म्हणतात, शेजारी आळस म्हणतात, आणि त्यांच्या पत्नीला काय म्हणावे ते कळत नाही. ज्याला अजून आवाज ऐकू येतात पण जो कमावतो, आणि ज्याचे आवाज थांबले पण जगणेही थांबले, त्यांच्यातला ‘पूर्ण बरा’ कोण, हे आपल्या बातमीतले वाक्य सांगू शकत नाही.

आजार बदलला की वाटही बदलते. आमच्या गटात बायपोलर आजार, म्हणजे अतिउत्साहाचे आणि नैराश्याचे झटके येणारा आजार, असलेल्या एक शिक्षिका आहेत. दोन झटक्यांच्या मधल्या काळात त्या शाळेत शिकवतात, घर सांभाळतात, आणि त्यांना पाहून कोणाला शंकाही येणार नाही. त्यांना धोका सुधारणेच्या काळातच असतो, कारण ‘आता मी ठणठणीत आहे, गोळी कशाला?’ हा विचार तेव्हाच मनात येतो. त्या लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधावर आहेत. लिथियमचे रक्तातले प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावे लागते आणि शरीरातले पाणी कमी झाले की ते वाढते. त्यांच्या सासरी आषाढी एकादशी निर्जळी करण्याची रीत होती. एका वर्षी उपास सोडण्याआधीच त्यांचे हात थरथरू लागले आणि जीभ जड झाली, तेव्हा कुठे हा संबंध घरच्यांना कळला. आता सासूबाई स्वतः त्यांना तांब्याभर पाणी आणून देतात आणि देवाला यात काही वावगे वाटणार नाही, असे ठामपणे सांगतात. उपास, उन्हाळा, जुलाब आणि दुखण्यावरच्या काही साध्या गोळ्या लिथियमबरोबर जपूनच घ्याव्या लागतात, ही माहिती डिस्चार्जच्या दिवशी मराठीत एका कागदावर देता येणार नाही का?

तिसरी वाट आमच्या गटातल्या एका वडीलधाऱ्या काकांची. तीव्र नैराश्याने त्यांनी अन्नपाणी सोडले होते. भूल देऊन इसीटी, म्हणजे ज्याला लोक ‘शॉक’ म्हणून घाबरतात ते उपचार, दिल्यावर तीन आठवड्यांत ते उठून बसले आणि पेपर मागू लागले. इतका झपाट्याने बदल मी दुसऱ्या कोणात पाहिलेला नाही. परंतु झपाट्याने झालेली सुधारणा टिकतेच असे नाही. इसीटीने बरे झालेल्यांवरचा एक अमेरिकी अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात नंतर नुसत्या बिनऔषधी गोळ्या मिळालेल्यांपैकी ८४ टक्के रुग्णांचे नैराश्य सहा महिन्यांत परत आले, तर दोन औषधे एकत्र मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. काकांच्या घरच्यांना हे वेळीच समजले, म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या नाहीत.

ही विविधता आमच्या गटापुरती नाही. स्किझोफ्रेनिया म्हणजे उतरती कळा आणि शेवटी बुद्धीचा ऱ्हास, असे जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांच्या काळापासून धरून चालत. पुढे लोकांनी चिकाटीने वर्षानुवर्षे रुग्णांचा माग काढला तेव्हा चित्र वेगळे दिसले. स्वित्झर्लंडमध्ये ल्युक चोम्पी यांनी लोझानच्या २८९ जुन्या रुग्णांचा पुढचा प्रवास तपासला आणि आजाराचे आठ वेगवेगळे मार्ग नोंदवले. कोणाचा आजार अचानक आला आणि पूर्ण ओसरला, कोणाचा सावकाश आला आणि तसाच राहिला, कोणाचा झटक्या-झटक्यांनी चालला आणि उतारवयात निवळला. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, ज्यांच्याबद्दल कोणाला आशा उरली नव्हती अशा मागच्या वॉर्डांतल्या २६९ रुग्णांना पुनर्वसनाचा कार्यक्रम देऊन बाहेर पाठवले होते. सरासरी ३२ वर्षांनी कोर्टनी हार्डिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांना शोधून काढले, तेव्हा निम्म्या ते दोन तृतीयांश लोकांत लक्षणीय सुधारणा आढळली. आपल्याकडे चेन्नईत डॉ. आर. थारा आणि सहकाऱ्यांनी पहिल्याच झटक्याच्या ९० रुग्णांचा वीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा केला. त्यांतल्या बहुतेकांचे आयुष्य झटका आणि सुधारणा अशा फेऱ्यांतून गेले. सतत आजारी राहिलेले थोडेच होते, आणि एकदा बरे होऊन पुन्हा कधीच आजारी न पडलेलेही थोडेच. हे आकडे मी आमच्या बैठकीत पुन्हा पुन्हा सांगते. नुकतेच निदान झालेल्या मुलाच्या आईला त्यांतून खोटी आशा मिळत नाही आणि निराशाही येत नाही.

वाट कशी जाईल हे रुग्णालयात नेमके सांगता येत नाही, हे मला मान्य आहे. मात्र कोणत्या गोष्टी ती बिघडवतात हे बऱ्यापैकी माहीत आहे. औषध अचानक बंद करणे ही त्यांतली पहिली. स्किझोफ्रेनियावरील ६५ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०१२ मध्ये आले होते. त्यात वर्षभरात औषध चालू असलेल्यांपैकी २७ टक्क्यांचा आणि औषधाऐवजी बिनऔषधी गोळी मिळालेल्यांपैकी ६४ टक्क्यांचा आजार उलटला. म्हणजे औषध घेऊनही दर चौघांपैकी एकाचा उलटतो, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ‘गोळ्या नीट घेतल्या असत्या तर असे झाले नसते’ हे वाक्य प्रत्येक शुभार्थीच्या तोंडावर फेकणे अन्यायाचे आहे.

दुसरी गोष्ट घरातल्या वातावरणाची, आणि ती लिहिताना मला जड जाते. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन यांनी १९५०च्या दशकात पाहिले, की रुग्णालयातून सुटल्यावर आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे राहायला गेलेले रुग्ण, भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा अधिक वेळा परत दाखल होत. पुढच्या अभ्यासांत कळले, की सततची टीका, राग आणि जिवाला घोर लावून घेणारी अति काळजी यांमुळे आजार उलटण्याचा धोका वाढतो. घरच्यांमुळे हा आजार होतो, असा याचा अर्थ मुळीच नाही. पण मी हे वाचले त्या दिवशी मला माझाच आवाज ऐकू आला : ‘अंघोळ केलीस का? गोळी घेतलीस का? असा काय बसतोस?’ तोवर मी याला माया समजत होते. भाऊ एकदाच म्हणाला होता, ‘ताई, तू बोलायला लागलीस की तेही बोलायला लागतात.’ ‘ते’ म्हणजे त्याच्या डोक्यातले आवाज. तेव्हा मला राग आला होता. आता गोळ्यांची आठवड्याची डबी भिंतीवरच्या कोनाड्यात असते. रिकामा कप्पा दिसला की मला कळते, विचारावे लागत नाही. हे शिकायला मला पाच वर्षे लागली, आणि ते मला गटातल्या दुसऱ्या एका आईने शिकवले.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि ती सर्वांत गंभीर आहे. रुग्णालयातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले काही आठवडे, विशेषतः पहिले तीन महिने, आत्महत्येच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. रुग्णालयातला दिनक्रम सुटलेला असतो, आपल्याला काय झाले होते याची जाणीव नुकती होत असते, नोकरी गेलेली असते, लोक टाळत असतात. नेमक्या याच काळात आपण त्याला ‘एक महिन्याने दाखवणे’ असे लिहून देतो. शासनाची टेलि-मानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे आणि ती चांगली आहे, पण फोन अडचणीतल्या माणसाने करायचा असतो. मी मागते आहे ते उलट्या बाजूचे : सोडलेल्या रुग्णाला रुग्णालयाने पहिल्या आठवड्यात स्वतःहून फोन करावा.

ही मागणी कायद्याबाहेरची नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये कलम ९८ आहे. रुग्णाला घरी सोडताना मानसोपचारतज्ज्ञाने त्याच्याशी, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीशी आणि ज्यांच्याकडे तो राहणार त्यांच्याशी बोलून पुढचे उपचार कसे आणि कोठे होतील याचा आराखडा करावा, असे त्यात आहे. कायदा २०१८ मध्ये लागू झाला. आमच्या गटात त्यानंतर घरी आलेल्या शुभार्थींची कार्डे मी पाहिली आहेत. गोळ्यांची नावे वेगळी, शेवटची ओळ तीच. कलमात म्हटलेला आराखडा म्हणून दाखवता येईल असा कागद त्यांतल्या कोणाकडेच नव्हता. आठ वाटांनी जाणारी माणसे एकाच ओळीवर घरी येतात.

आराखड्यात फार मोठे काही लागत नाही. दुष्परिणाम कोणते आणि दिसले तर कोणाला विचारायचे, आजार उलटू लागल्याची या माणसाची स्वतःची पहिली खूण कोणती (माझ्या भावाच्या बाबतीत तो रेडिओ बंद करतो, ही ती खूण), आणि लिहून दिलेली औषधे जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात खरोखर मिळतात का, एवढे लिहिले तरी पुष्कळ. शेवटचा मुद्दा साधा दिसतो, पण आमच्यापैकी अनेकांची घडी तिथेच विस्कटते. तालुक्याला औषध संपलेले असते, मग दुसरेच देतात किंवा ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणतात. रोजंदारीवर जाणारा माणूस एका पट्टीसाठी किती खाडे करणार?

पाठपुरावा घरापर्यंत नेला तर काय होते, याचा प्रयोग आमच्याच जिल्ह्यात झाला आहे, याची आठवण फार थोड्यांना असेल. स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांचा तो अभ्यास सातारा, गोवा आणि तामिळनाडू अशा ठिकाणी होऊन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. काही रुग्णांना नेहमीचे उपचार मिळाले आणि काहींच्या घरी, त्याखेरीज, गावपातळीवरचे प्रशिक्षित कार्यकर्ते वर्षभर जात राहिले. ज्यांच्या घरी कार्यकर्ते गेले त्यांची लक्षणे आणि अपंगत्व थोडे अधिक कमी झाले. फरक मोठा नव्हता आणि सगळीकडे सारखाही नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तरीही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या माणसांकडून हे काम होऊ शकते, एवढे त्यातून निश्चित दिसले. आशा सेविका आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक यांची सांगड या कामासाठी घालता येईल, असे मला वाटते. मात्र त्याचे वेगळे मानधन द्यावे. आशांच्या डोक्यावर फुकटचे ओझे आणखी नको.

आणि ज्यांना घरच नाही, त्यांचे काय? केवळ घरचे नेत नाहीत किंवा बाहेर राहण्याची सोय नाही म्हणून कोणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे याच कायद्याचे कलम १९ सांगते. तरीही वर्षानुवर्षे वॉर्डात राहिलेल्या, आजार आटोक्यात असलेल्या माणसांचा, आणि त्यांतही नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्रात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत न्यावा लागला. त्यांच्या बाबतीत आजार सुधारूनही पुढे चालायला वाटच नसते. त्यासाठी मध्यंतरीची निवासगृहे आणि दिवसा काम शिकवणारी केंद्रे जिल्ह्याच्या ठिकाणी हवीत. आज ती आहेत ती बहुतांशी मोठ्या शहरांत, आणि तीही स्वयंसेवी संस्थांच्या बळावर.

माझी आपल्याला विनंती एवढीच आहे. यापुढे अशी बातमी येईल तेव्हा ‘पूर्ण बरे होऊन’ या शब्दांऐवजी ‘उपचारांनंतर घरी’ असे लिहावे, आणि सहा महिन्यांनी आपल्या वार्ताहराने त्यांच्यापैकी एक-दोघांच्या घरी, अर्थातच त्यांची परवानगी घेऊन आणि नाव न छापता, जाऊन यावे. औषध मिळते का, कोणी फोन केला का, सकाळी उठून ते कोठे जातात, हे विचारावे. किती खाटा रिकाम्या झाल्या हा आकडा रुग्णालये देतातच. सोडलेल्यांपैकी किती जण वर्षाने घरीच आहेत आणि त्यांतले किती कामाला लागले, हा आकडाही आपण त्यांच्याकडे मागावा.

माझे नाव कृपया छापू नये. गिरणीत दळण घेऊन येणाऱ्या बहुतेकांना भावाचा आजार ठाऊक नाही. तो कोणाला कधी सांगायचा, हे त्याचे त्याने ठरवायचे आहे. हे पत्र पाठवण्यापूर्वी मी त्याला वाचून दाखवले आहे. रेडिओची खूण लिहिलेली चालेल का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, लिही, दुसऱ्या कोणाला उपयोग होईल.

आपली नम्र,
एक शुभंकर,
सातारा